रोमला गेलेल्या घंटा

ईस्टरच्या आदल्या दिवशी, शनिवारी, टिल्डाला माझ्याकडे सोपवताना युडिथनं दारातच बजावलं, "आई, तिचा हात सोडायचा नाही. तू बोलायला लागलीस की तुला जगाचं भान राहत नाही."

युडिथ माझी मुलगी, इस्पितळात नर्स. सणासुदीला तिची ड्यूटी हमखास लागते. टिल्डा तिची लेक, सहा वर्षांची, आणि हातातून निसटण्यात पटाईत. मागच्या जत्रेत ती अशी गायब झाली की शेवटी पोलिसांनी बिअरच्या तंबूमागून शोधून आणली. तिथे बाईसाहेब गाडीच्या घोड्यांशी गप्पा मारत बसल्या होत्या. तेव्हापासून तिला घेऊन बाहेर पडायची मला धास्तीच वाटते. पण तसं कबूल करणाऱ्यांतली मी नव्हे. मी म्हटलं, "तुलाही मीच वाढवलं ना? आहेस की धडधाकट!"

मी वाल्बुर्गा, वस्तीतल्यांसाठी बुर्गी. आमच्या रेगेन्सबुर्गमध्ये बाहेरगावच्या पाहुण्यांना चर्च, मनोरे, जुना पूल दाखवत हिंडणं हा माझा धंदा. त्या शनिवारी माझ्यामागे उत्तरेकडून, ल्यूबेकहून आलेली मंडळी होती. सगळी प्रोटेस्टंट, सगळी नीटनेटकी, प्रत्येक गोष्टीचं साल विचारणारी. दगडी पुलावर आलो तेव्हा डोनाऊ नदी फुगलेली होती. वर डोंगरात बर्फ वितळलं की ती अशी गढूळ होऊन कमानींवर आपटते. मी पुलाची गोष्ट सांगत होते आणि वळून बघते तर टिल्डा कठड्यावर पोटावर आडवी, पाय हवेत, मान खाली. मी तिला कोटाच्या मागच्या पट्ट्याला धरून खाली ओढलं आणि सगळ्यांसमोर ओरडले, "जीव घेशील एक दिवस माझा!"

"आजी, पाण्याला आवाज आहे," ती म्हणाली. "मग घंटांना का नाही?"

"कारण घंटा रोमला गेल्यात."

गुरुवारच्या प्रार्थनेनंतर आम्हा कॅथलिकांकडच्या घंटा ज्या गप्प होतात, त्या शनिवारी संध्याकाळच्या प्रार्थनेत 'ग्लोरिया'चं गाणं सुरू होईपर्यंत. वेळेचे टोलेसुद्धा पडत नाहीत. मधल्या काळात पोरं लाकडी खटखटे वाजवून लोकांना चर्चमध्ये बोलावतात. आणि मुलांना सांगतात, घंटा उडून रोमला गेल्या, ईस्टरला परत येतील. मला माझ्या आजीनं सांगितलं, मी युडिथला सांगितलं, आणि टिल्डाला तर सगळ्या गल्लीनं सांगितलं. यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

टिल्डानं मात्र ते फारच मनावर घेतलं होतं. कॅथीड्रलच्या जोडमनोऱ्यांखाली तिनं विचारलं, ह्या पण गेल्या? स्कॉटिश साधूंच्या चर्चच्या दारात, जिथे दगडातले राक्षस आणि जलपऱ्या आहेत, तिथेही तेच. ह्या पण गेल्या? कोणत्या वाटेनं? एकमेकींवर आपटत नाहीत? ल्यूबेकची मंडळी गालात हसत होती, आणि मी एका हातानं तिचं मनगट आवळून दुसऱ्या हातानं खिडक्या दाखवत होते.

शेवटी मी सगळ्यांना आमच्या संत क्विरीनच्या चर्चमध्ये नेलं. हे आमच्या वस्तीचं चर्च. तिथला सेवेकरी आलॉइस माझा शाळासोबती. एरवी मनोऱ्यावर तो कुणाला फिरकू देत नाही, पण या दिवशी घंटा वाजायची भीती नाही म्हणून पहारेकऱ्याच्या जुन्या खोलीपर्यंत नेऊ देतो. त्या खोलीतून एक शिडी वर जाते, वर झडप, आणि झडपेपलीकडे घंटा. झडप बंद होती.

टिल्डा त्या झडपेकडे मान वर करून बघत राहिली. "घंटा नाहीत तर वर काय आहे?"

"मोकळी जागा."

आमच्या मंडळींत हिनरिक्स नावाचे एक निवृत्त मास्तर होते. त्यांना राहवलं नाही. "अगं बाळ, एवढाल्या लोखंडी दांड्यांना बांधलेल्या त्या, उडतायत कसल्या? शिडी चढ आणि बघ. जिथल्या तिथे लटकलेल्या दिसतील."

मी त्यांच्याकडे असं पाहिलं की दूध नासावं. "टिल्डा, ह्या आजोबांच्या गावच्या घंटा आळशी आहेत, त्या घरीच बसतात. आपल्या जातात."

सगळे हसले. हिनरिक्ससुद्धा हसले. टिल्डा हसली नाही. तिनं त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि विचारलं, "परत येताना त्यांना कुणी बघितलंय?"

"आजवर तरी कुणीच नाही," मी म्हणाले. एवढं बोलून मी मंडळींना खाली पिटाळलं, कारण सगळ्यांना भूक लागली होती आणि पुलाजवळच्या सॉसेजच्या दुकानात रांग वाढत होती.

संध्याकाळी, अंधार पडता पडता, आम्ही पुन्हा क्विरीनच्या अंगणात उभे होतो. ह्या वेळी पाहुणे म्हणून नाही, घरचे म्हणून. अंगणात नवा अग्नी पेटवला होता. अग्निशमन दलाचे दोघे बादल्या घेऊन बाजूला उभे होते. सगळ्यांच्या हातात न पेटवलेल्या मेणबत्त्या. पाद्रीबाबांनी मोठी मेणबत्ती त्या जाळावर पेटवली आणि आम्ही त्यांच्यामागून चर्चमध्ये शिरलो. आत एकही दिवा नसतो. त्या एका ज्योतीमागे सगळी वस्ती अंधारात पाय घासत चालते.

दाराशी गर्दी दाटली. टिल्डानं माझा हात हलवला. "आजी, मी इर्मीआजीकडे जाऊ? तिच्याजवळ उभं राहते."

इर्मी माझी धाकटी बहीण. ती माझ्यापुढे अगदी हाताच्या अंतरावर होती, अंगणातल्या जाळाच्या उजेडात तिची हिरवी टोपी मला दिसत होती. मी हात सोडला.

मग ज्योत मागे मागे येऊ लागली. एकानं दुसऱ्याची मेणबत्ती पेटवायची, दुसऱ्यानं तिसऱ्याची. अंधारातून एकेक चेहरा उजळत जातो. एरवी हे बघताना माझे डोळे भरून येतात. इर्मीचा चेहरा उजळला. तिच्या शेजारी बेकरीवाला थियो, त्याच्या शेजारी त्याची बायको. टिल्डा नव्हती.

मी इर्मीकडे बघून भुवया उडवल्या: कुठंय? तिनं खांदे उडवले आणि माझ्याकडे बोट दाखवलं: तुझ्याकडेच ना?

मेणबत्तीचं मेण बोटांवर सांडलं तेही मला कळलं नाही. मी गर्दीतून तिच्यापर्यंत घुसले. "ती तुझ्याकडे येते म्हणाली!"

"माझ्याकडे कुणी आलं नाही, ताई."

पुढच्या बाकावरच्या म्हातारीनं वळून "श्श" केलं. बायबलमधला पहिला पाठ सुरू झाला होता, आकाश आणि पृथ्वी निर्माण झाल्याचा. ह्या प्रार्थनेत पाठ लांबलचक असतात, आणि मी मनातल्या मनात देवाला म्हटलं, आज ते आणखी लांबू देत, मला पोरगी सापडू दे.

इर्मी डावीकडच्या बाकांमधून शोधत गेली, मी उजवीकडच्या. मी वाकून बाकांखाली बघत होते. लोकांना वाटलं असेल, बाईचं काहीतरी पडलं. पापनिवेदनाच्या कोठडीचा पडदा सरकवला. आत कुणी नव्हतं. ख्रिस्ताच्या पवित्र थडग्याच्या देखाव्यामागे, जिथे रंगीत पाण्याचे काचगोळे मांडलेले असतात, तिथेही हात घालून चाचपलं. एक गोळा डगमगला आणि मी घाईनं धरला. तिचं नाव मोठ्यानं घ्यायला तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. एवढ्या शांततेत ओरडणार कसं? आज विचार केला की स्वतःचा संताप येतो. ओरडायला हवं होतं. बाई, तुझी नात हरवलीय आणि तुला शिष्टाचार सुचतोय!

मी बाहेर अंगणात धावले. अग्निशमनवाल्या पोराला विचारलं, "लहान मुलगी बघितलीस? लाल कोट?"

"इथून कुणी बाहेर नाही आलं, बुर्गीकाकू. मी दारातच आहे."

"नक्की? नदीकडे कुणी गेलं?"

"काकू, मी इथून हललेलोच नाही."

नदीचं नाव मीच घेतलं होतं. सकाळी कठड्यावर तरंगणारे तिचे पाय दिसले. युडिथचा चेहरा दिसला. तिला मी काय सांगणार? कोणत्या तोंडानं? पण पोरगा शपथेवर सांगत होता की बाहेर कुणी आलं नाही, म्हणजे ती आतच होती.

मी परत आत शिरले. आता लाल समुद्र दुभंगल्याचा पाठ चालू होता. ऑर्गनच्या सज्जाखाली, मागच्या कोपऱ्यात माझा पाय कशाला तरी अडखळला. वाकून मेणबत्ती धरली तर लाकडाचा मोठा खटखटा. मनोऱ्यावरचा. पोरांनी तो शेवटचा वाजवून खाली आणून ठेवला होता, कारण आता त्याचं काम संपलं होतं. आणि त्याच्या शेजारी मनोऱ्याचं दार किलकिलं होतं.

मला एकदम सगळं कळलं. ती नदीवर गेली नव्हती, घोड्यांकडे गेली नव्हती. ती घंटा परत येताना बघायला गेली होती. नाहीतर मग मास्तर खरे की आजी खरी, हे बघायला गेली होती.

इर्मी माझ्यामागे येऊन उभी राहिली. तिनंही ते दार बघितलं.

"आलॉइसकडे पळ," मी तिच्या कानात म्हटलं. "त्याला सांग, घंटा लावू नको. काही झालं तरी बटण दाबू नको."

"तो पार पुढे आहे गं, वेदीमागच्या खोलीत. मधे एवढी माणसं..."

"तुडवत जा!"

वर सज्जावर ऑर्गनवाल्याच्या बाकाचा करकर आवाज आला. तो जागेवर बसत होता. आता 'ग्लोरिया' जवळ आला होता.

त्या मनोऱ्याचा जिना मी माझ्या आयुष्यात असंख्य वेळा चढलेय, पाहुण्यांना दम लागतो म्हणून त्यांची टिंगल करत. त्या दिवशी मी तो चार पायांवर चढले. मेणबत्ती पहिल्याच वळणावर विझली. दगड थंडगार होता आणि माझ्या छातीतला भाता एवढा वाजत होता की मला दुसरं काही ऐकू येत नव्हतं. मधे थांबून मी हाक मारली, "टिल्डा!" उत्तर नाही. पुन्हा मारली. माझाच आवाज वर जाऊन परत आला.

पहारेकऱ्याच्या खोलीत पोचले. शिडीवरची झडप उघडी होती. पोरांनी खटखटा खाली आणताना ती तशीच टाकली होती.

वर खिडक्यांच्या फळ्यांमधून रस्त्यावरच्या दिव्यांचा पट्टापट्टा उजेड येत होता. त्या उजेडात घंटा दिसल्या, आपापल्या तुळयांना टांगलेल्या, काळ्या, ढिम्म. मी त्यांच्याखाली लहानाची मोठी झाले, पण इतक्या जवळून, अंधारात, त्यांना कधी बघितलं नव्हतं. मला त्यांची भीती वाटली. जनावराच्या गोठ्यात चुकून शिरल्यावर वाटावी तशी.

टिल्डा थोरलीखाली बसली होती. थोरली म्हणजे सगळ्यांत मोठी घंटा, तिच्या आत आमचं आख्खं स्वयंपाकघर मावेल. तिच्या तोंडाखालच्या आडव्या तुळईवर टिल्डा मांडी घालून, मान वर करून, घंटेच्या पोटात बघत होती. हातात न पेटवलेली मेणबत्ती तशीच.

"आजी," ती हळूच म्हणाली, "ह्या गेल्याच नव्हत्या."

"नव्हत्या गेल्या, बाळा. ये इकडे. हळू. उठू नको, सरकत ये."

"तू म्हणालीस..."

"मी खोटं सांगितलं. ये आधी!"

खालून दगडातून ऑर्गनचा पहिला सूर चढला. माझ्या तळव्यांना तो आधी कळला. मग डावीकडे काहीतरी कुरकुरलं आणि धाकटी घंटा हलायला लागली. घंटा आधी नुसती हलते, आवाज नंतर करते. ती एकदा गेली, परत आली, पुन्हा गेली. मग दुसरी हलली. मग तिसरी. आलॉइस त्यांना धाकटीपासून थोरलीपर्यंत एकामागून एक लावतो, हे मी पाहुण्यांना किती कौतुकानं सांगत आलेय!

मी तुळयांवर पोटावर पडले आणि हात लांब केला. टिल्डाचा बूट हातात आला. मी ओढलं. ती घाबरून तुळईला घट्ट धरून बसली होती. "सोड!" मी किंचाळले. त्याच क्षणी धाकटीचा लोळा आतून तिच्या कडेवर आदळला आणि माझ्या डोक्यात काहीतरी फुटलं. तिनं सोडलं, भीतीनंच सोडलं असेल. मी तिला बुटाला धरून फरफटत भिंतीशी आणलं. आमच्यामागे थोरली हलली. तिची खालची कड, जिथे टिल्डाचं डोकं होतं, तिथून वारा कापत गेली. तो वारा माझ्या मानेला लागला.

झडप पलीकडच्या कोपऱ्यात होती आणि मधे आता सगळ्या घंटा झुलत होत्या. जायला वाट नव्हती. मी टिल्डाला भिंतीच्या कोनाड्यात दाबलं, स्वतः घंटांकडे पाठ करून तिच्यावर ओणवी झाले आणि माझे दोन्ही तळवे तिच्या कानांवर घट्ट धरले. हात दोनच होते.

त्यानंतरचं मला आवाज म्हणून आठवत नाही. मार म्हणून आठवतं. दातांत, डोळ्यांत, बरगड्यांत. थोरलीचा प्रत्येक ठोका मला भिंतीवर आपटत होता. वाटायचं, आता हात काढून स्वतःच्या कानांवर धरावेत, एकदाच, एकाच ठोक्यापुरते. टिल्डाचं तोंड उघडं होतं, ती रडत होती की ओरडत होती कोण जाणे. माझ्या हातांखाली तिचं डोकं थरथरत होतं. मी मेरीची प्रार्थना म्हणायला लागले आणि मला माझे शब्दसुद्धा ऐकू आले नाहीत. आणि खाली, अगदी आमच्या पायांखाली, दिवे लागले असतील, लोक एकमेकांचे हात हातात घेत असतील, म्हाताऱ्या रडत असतील आनंदानं. घंटा परत आल्या म्हणून.

इर्मी आलॉइसपर्यंत पोचली, पण त्यानं बटण दाबल्यानंतर. त्यानं लगेच सगळं बंद केलं. मी त्याला दोष देत नाही. पण एवढं वजन एकदा झुलायला लागलं की वीज तोडली म्हणून थांबत नाही. धाकट्या लवकर दमल्या. थोरली झुलत राहिली, तिच्या मनाला येईल तोवर.

मग झडपेतून आलॉइसचं डोकं वर आलं, चुन्यासारखं पांढरं. त्याचे ओठ हलत होते. मला वाटलं, घाबरून त्याची वाचा गेली. मग त्यानं टिल्डाला उचललं, तिचेही ओठ हलले, तिनं त्याला काहीतरी उत्तर दिलं. त्यानं पुन्हा विचारलं, तिनं पुन्हा उत्तर दिलं. तिला ऐकू येत होतं. मी जमिनीवर बसले आणि हमसून हमसून रडले. माझ्या रडण्याला आवाज नव्हता.

इस्पितळात तरुण डॉक्टरीणबाईंनी माझ्यासमोर कागदावर लिहिलं की ऐकू येणं थोडं कदाचित परत येईल, सगळं येणार नाही. मी मान डोलावली. मला त्या वेळी एवढंच सुचत होतं की पोरीचे कान शाबूत आहेत, आणि यापुढे तिच्याशी एक अक्षर खोटं बोलायचं नाही.

ईस्टरच्या सकाळी इर्मीनं टेबल मांडलं होतं. रंगवलेली अंडी, हॅम, किसलेला तिखट मुळा, साखर भुरभुरलेला कोकराच्या आकाराचा केक. कुणीच खात नव्हतं. युडिथ ड्यूटीवरून आली ती अंगात कोट तसाच ठेवून. तिला रात्री फोनवर सगळं कळलं होतं. ती आधी टिल्डाला कवटाळून राहिली. मग उभी राहून माझ्याकडे वळली आणि तिचं तोंड सुरू झालं. तिच्या मानेच्या शिरा ताणल्या होत्या. तिचा हात टेबलावर आपटला तशी अंडी घरंगळली. इर्मीनं तिच्या दंडाला धरून माझ्या कानांकडे बोट दाखवलं, पण युडिथला कशाचंच भान नव्हतं. तिचं म्हणणं खरंच असणार. मी बसून राहिले आणि तिच्या ओठांकडे बघत राहिले. एक शब्दही माझ्यापर्यंत पोचत नव्हता.

टिल्डा खुर्चीवरून उतरली. टेबलाला वळसा घालून माझ्यामागे आली, माझ्या खुर्चीच्या दांडीवर चढली, आणि तिनं आपले दोन्ही तळवे माझ्या कानांवर ठेवले. घट्ट, अगदी जोर लावून. अंड्यांचा रंग तिच्या बोटांना लागलेला होता. मग बाजूनं वाकून तिनं माझ्या डोळ्यांत बघितलं आणि भुवया उंचावल्या. थांबला का आवाज?

मी मान डोलावली. हो, थांबला.